गुंडूला काय आवडतं

चिकपेटातल्या एका दुकानात वासुदेव टिकाऱ्यांनी अडतीस वर्षं साड्या उलगडल्या. ते 'विकल्या' म्हणत नसत. घेणं न घेणं गिऱ्हाइकाच्या हातात. आपल्या हातात फक्त उलगडणं.

त्यांची एक रीत होती. बाईच्या तोंडाकडे लक्ष द्यायचं नाही, डोळ्यांकडे द्यायचं. तोंड म्हणतं, ही नको, दुसरी दाखवा. डोळे मात्र एखाद्या पदरावर जरा जास्त थांबलेले असतात. ती साडी मुकाट्यानं मांडीजवळ सरकवायची. मग साध्या साड्यांचा ढीग लावायचा आणि सगळ्यात शेवटी ती बाहेर काढायची. पदर स्वतःच्या खांद्यावर टाकायचा. एवढ्या जाड मिशांच्या माणसाच्या खांद्यावर मोरपंखी पदर बघून बायका हसायच्या. हसल्या की साडी बांधायला घ्यायची.

गुंडू त्यांना दुकानातल्या गादीवरच मिळाला. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं एक कुटुंब पुढं परदेशी निघालं. घर आवरता आवरता पिंजरा घेऊन दुकानात आले. 'अण्णा, दोनच आठवडे. मग आमचा माणूस येऊन घेऊन जाईल.' माणूस आला नाही. दोनदा फोन आला, मग तोही नंबर बंद झाला. त्याला नऊ वर्षं झाली.

कबुतराएवढा, राखाडी रंगाचा, लाल शेपटीचा पोपट. बोलायचा फारसं नाही. वासुदेवअण्णांच्या खांद्यावर बसायचा. ते जेवायला बसले की ताटाच्या कडेला उतरायचा. ते घास घ्यायचे, त्यातला तुकडा त्याला द्यायचे.

'लग्नाच्या दिवशी माझ्याबरोबर एका ताटात जेवलात, ते पहिलं आणि शेवटचं,' कावेरी म्हणायची. 'आणि याच्याबरोबर रोज पंगत.'

कावेरी त्यांची बायको. तिला गुंडू कधी आवडला नाही. तो जिथं बसायचा तिथं पिठासारखी पांढरी भुकटी पडायची. फरशीवर, टीव्हीवर, अण्णांच्या शर्टावर. ती दिवसातून दोनदा पुसायची आणि पुसताना बोलायची.

कोरोनानंतर दुकानाचा वरचा मजला बंद झाला आणि अण्णा कायमचे घरी आले. राजाजीनगरातलं दोन खोल्यांचं घर. दिवसभर ते आणि गुंडू. त्याच सुमारास खोकला सुरू झाला. त्यांना वाटलं, साड्यांची धूळ. अडतीस वर्षं ओढली, आता बाहेर पडतेय. दोन डॉक्टरांनाही तसंच वाटलं. मग जिना चढताना दम लागायला लागला. मग सपाट रस्त्यावरही.

तिसऱ्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी छातीचे फोटो बघितले आणि विचारलं, 'घरात पक्षी आहे?'

'आहे.'

'कबुतरं?'

'पोपट. गुंडू.'

बाईंनी लिहिणं थांबवलं. पिसांची भुकटी, त्या म्हणाल्या. सगळ्यांना त्रास होत नाही, तुम्हाला झाला. फुफ्फुसं सुजतात आणि मग घट्ट होतात. घट्ट झालेला भाग परत मऊ होत नाही. उरलेला वाचवायचा.

'मला नऊ वर्षांत काही झालं नाही,' अण्णा म्हणाले.

'नऊ वर्षं होतच होतं,' बाई म्हणाल्या.

गोळ्या लिहून दिल्या. रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत असं दोनदा बजावलं. पक्ष्याला एक महिना दिला. तोवर तो बाल्कनीत, अण्णा आतल्या खोलीत, समोर जायचं तर मास्क. महिन्यानंतर एका छपराखालीसुद्धा नको.

तपासण्यांसाठी अण्णा तीन दिवस दवाखान्यात राहिले. त्या तीन दिवसांत गुंडूनं दाण्याला चोच लावली नाही. कावेरीनं शेंगदाणे दिले, पेरू दिला, शेवटी हात जोडले. अण्णा परत आले तेव्हा तिनं त्याला किराणाच्या काट्यावर बसवलं होतं. चारशे तीस ग्रॅमचा पक्षी तीनशे नव्वद भरला.

'तुम्ही नसलात तर हा मरेल,' ती म्हणाली. 'आणि हा असला तर तुम्ही.'

पिंजऱ्यासकट नेणारे दोघंतिघं मिळाले असते. पण गुंडू त्यांच्याकडे जगला नसता. त्याला आधी दुसऱ्या कुणाच्या हातचं खायला शिकायला हवं होतं. महिन्याच्या आत.

सिद्धी तयार झाली. ती मूळची पुण्याची. एका कंपनीत नोकरी करायची, तीन वर्षं त्यांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहिली होती. आता मल्लेश्वरमला गेली होती. आली तेव्हा काका-काकू म्हणायची. गल्लीनं तिला कन्नड रीतीनं अण्णा-अक्का शिकवलं.

'अण्णा, मी सगळं वाचलंय,' ती म्हणाली. 'आधी शोधायचं त्याला सगळ्यात जास्त काय आवडतं. ते रोजच्या वाटीतून बंद करायचं. ते फक्त माझ्या हातून मिळायचं. तुकडा अगदी एवढुसा. म्हणजे पोट भरत नाही आणि परत यावंसं वाटतं.'

'म्हणजे मांडीजवळ सरकवायची साडी.'

'काय?'

'काही नाही ग. हे मला येतं.'

कितीतरी दिवसांनी कावेरीनं त्यांचा तो आवाज ऐकला. दुकानातला.

रविवारी सकाळी बाल्कनीत दहा वाट्या मांडल्या. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया, डाळिंब, पेरू, मक्याचे दाणे, भिजवलेले हरभरे, चुरमुरे, चपातीचा तुकडा, उकडलेला दुधी. शेवटी अक्रोड. क्रम अण्णांनी लावला. चांगला माल शेवटी.

मग त्यांनी मास्क खाली ओढला. 'दोन मिनिटं,' कावेरीकडे न बघता म्हणाले. पहिल्या वाटीतला शेंगदाणा उचलला, पुढच्या दातांनी जरासा चावला, 'हं' केलं, आणि उरलेला वाटीत ठेवला. मग सूर्यफूल. मग डाळिंब.

'तुम्ही दाखवताय की खाताय?' कावेरी म्हणाली.

'दाखवतोय. आपण अंगावर टाकून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला पटत नाही.'

अक्रोडाला त्यांनी जरा मोठं 'हं' केलं. सिद्धीनं पिंजरा उघडला. गुंडू नऊ वाट्यांवरून चालत गेला. पेरूत एक पाय पडला. दहाव्या वाटीतला अक्रोड त्यानं उचलला, पंजात धरला आणि सावकाश खाल्ला.

तासाभरानं पुन्हा केलं. संध्याकाळी पुन्हा. तिन्ही वेळा वाट्या त्याच रांगेत, तिन्ही वेळा अक्रोड.

'गिऱ्हाईक पक्कं आहे,' अण्णा म्हणाले. त्यांना हसताना खोकला आला आणि बराच वेळ थांबला नाही.

सोमवारपासून घरात अक्रोड फक्त सिद्धीच्या डब्यात. ती ऑफिस सुटल्यावर मेट्रोनं यायची. हात धुवायची. तळहातावर दाण्याएवढा तुकडा ठेवून पिंजऱ्यासमोर बसायची. अण्णा आतल्या खोलीच्या दारात, मास्क लावून, स्टुलावर.

गुंडू तुकडा घ्यायचा. चोचीत फिरवायचा. खाली टाकायचा.

'घेतला तरी,' सिद्धी म्हणायची. 'उद्या खाईल.'

दुसऱ्या दिवशी टाकला. तिसऱ्या दिवशी टाकला. सिद्धीनं वाचलं होतं की पक्षी थोडा भुकेला हवा. म्हणून सकाळची वाटी अर्धी केली. तसाही तो अर्धीच खात होता. अण्णा आता दार लावून आत जेवायचे. बाहेरून त्याच्या ओरडण्याचा आवाज यायचा. एकच आवाज, करवतीसारखा. अण्णा लवकर लवकर जेवायचे.

'मला वाटतं माझा हात त्याला आवडत नाही,' आठव्या दिवशी सिद्धी म्हणाली.

'माझा तर नऊ वर्षं आवडला नाही,' कावेरी म्हणाली. 'स्वल्प थांब. एवढ्यात रडू नकोस.'

वजन तीनशे पंच्याहत्तर. मग तीनशे अडुसष्ट. छातीचं हाड बोटाला लागायला लागलं.

सोळाव्या दिवशी गोळीची वेळ आणि सिद्धीची वेळ एकच झाली. अण्णा दारातल्या स्टुलावरून उठायला तयार नव्हते. कावेरी तिथंच अर्धी चपाती घेऊन आली. 'खा आधी. गोळी जाळते पोटात.' त्यांनी मास्क हनुवटीखाली घेतला आणि चपातीचा तुकडा तोडून चावला.

गुंडूच्या चोचीत अक्रोड होता. त्यानं तो टाकला. पिंजऱ्याच्या गजांना लटकला, पंख आपटले आणि अण्णांच्या दिशेनं मान जेवढी लांब होईल तेवढी केली. भुकटी उडाली. संध्याकाळच्या उन्हात ती दिसत होती.

कावेरी चपातीची ताटली हातात धरून उभी राहिली.

'अहो,' ती म्हणाली. 'त्याला अक्रोड नकोच आहे. तुम्ही तोंडात घालता ते हवंय.'

'काहीतरी बोलू नकोस.'

'दुधी आहे उकडलेला. आणू?'

दुधीला गुंडूनं जन्मात तोंड लावलं नव्हतं. अण्णा मास्कशिवाय पिंजऱ्याजवळ गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी दुधीची फोड दातांनी तोडली, 'हं' केलं आणि उरलेली पुढं केली. गुंडूनं फोड ओढून घेतली आणि सगळी संपवली. मग त्यांनी न चावलेला अक्रोड दिला. टाकला. खाली पडलेला तोच अक्रोड उचलून त्यांनी दातात धरला आणि परत दिला. खाल्ला.

अण्णा स्टुलावर जाऊन बसले. बराच वेळ नुसता श्वास घेत होते.

रविवारच्या दहा वाट्या त्यांना आता दिसत होत्या. अक्रोड शेवटी ठेवला होता, म्हणून शेवटी चावला होता. दुधी शेवटी ठेवला असता तर दुधी जिंकला असता. विटकरीचा तुकडा ठेवला असता तर तोही.

'अडतीस वर्षं डोळे बघितले मी,' ते म्हणाले. 'बायकांचे. हजारो. याचे तेवढे बघितले नाहीत. तो वाट्यांकडे बघतच नव्हता.'

'अण्णा, मग मी चावून देते ना,' सिद्धी म्हणाली. तिनं अक्रोड चावला. 'हं' पण केलं. गुंडू तिच्याकडे बघत राहिला, मग मान वळवून अण्णांच्या मास्ककडे.

शेवटी अण्णांनी चावलेला तुकडा सिद्धीच्या तळहातावर ठेवला. तो त्यानं घेतला. खाल्ला. दुसरा घेतला. तिसरा. सिद्धी रडत रडत हसली. कावेरीनं आत जाऊन शिरा केला. महिना संपायला तेरा दिवस होते आणि त्या एका संध्याकाळी सगळ्यांना ते पुरेसे वाटले.

आता अण्णांना हळूहळू लांब न्यायचं, असं ठरलं. पाच फुटांवरून चावायचं, तुकडा सिद्धीनं द्यायचा. जमलं. दहा फुटांवरून. जमलं. काचेच्या दाराआडून. तेही जमलं. पण दाराचा पडदा ओढला की खेळ संपायचा. चावताना दिसायला हवं. आधी चावून ठेवलेलं चालत नव्हतं. आदल्या दिवशीचं चालत नव्हतं. जे आत्ता, त्याच्यादेखत, अण्णांच्या तोंडातून आलं तेवढंच अन्न. बाकी सगळं माती.

'याला महिने लागतात,' सिद्धी म्हणाली. 'सहा महिने. वर्षसुद्धा.'

कावेरीनं अण्णांच्या बोटाला लावलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र तिच्यासमोर धरलं. अठ्ठ्याऐंशी.

महिना संपला त्या दिवशी गुंडू ऑटोत बसून मल्लेश्वरमला गेला. अण्णा खिडकीत उभे राहिले नाहीत. कावेरीनं घर तीनदा पुसलं. या वेळी पुसताना ती बोलली नाही.

जेवणाच्या वेळी सिद्धीनं व्हिडिओ कॉल लावला. हा विचार तिचाच. अण्णांनी कॅमेऱ्यासमोर अक्रोड चावला, 'हं' केलं. तिकडे सिद्धीच्या हातावर तसाच तुकडा होता. गुंडू फोनकडे गेला. त्यानं काचेवर चोच घासली. मग जिथं अण्णांचं तोंड दिसत होतं तिथं टोचायला लागला. टक, टक, टक. सिद्धीचा तळहात कडेला तसाच होता.

'बंद कर,' अण्णा म्हणाले. 'सिद्धी, बंद कर ग ते.'

तिसऱ्या दिवशी ते फिरायला जातो म्हणून निघाले आणि मल्लेश्वरमला पोचले. सिद्धीचं घर दुसऱ्या मजल्यावर. चढले. गॅलरीच्या काचेबाहेर उभे राहून चावलं. गुंडूनं आत खाल्लं. चौथ्या दिवशीही गेले. पाचव्या दिवशी पहिल्या मजल्याच्या वळणावर खाली बसले ते उठेनात. ओठ जांभळे झाले होते. तिथं राहणाऱ्या बाईंनी त्यांच्या खिशातला फोन काढून कावेरीला लावला. वरून गुंडूचं ओरडणं ऐकू येत होतं. त्याला खोकला ओळखीचा होता.

घरी आल्यावर कावेरीनं शपथ घातली नाही की भांडण केलं नाही. तिनं त्यांच्या चपला लोखंडी कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पोलक्यात खोचली.

सिद्धीनं रजा घेतली. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी नळीनं पातळ अन्न पोटात सोडायला शिकवलं. दिवसातून चार वेळा, टॉवेलात गुंडाळून. गुंडू सुरुवातीला चावायचा. मग चावायचा बंद झाला. हे ती अण्णांना फोनवर सांगायची. काही गोष्टी मात्र सांगायची नाही. जे सांगायची नाही ते अण्णांना कळायचं. ते जेवणावरून उठायला लागले. घास तोंडाशी नेला की थांबायचे. बाजूला कुणी नसायचं. गोळ्या रिकाम्या पोटी जाऊ लागल्या आणि पोट दुखायला लागलं.

'असं किती दिवस करणार?' कावेरी म्हणाली.

'माझ्या हातात नाही.'

'मग कुणाच्या हातात आहे?'



गुरुवारी सकाळी ती त्यांच्यासमोर येऊन बसली. हातात भिजवलेल्या हरभऱ्यांची वाटी होती.

'कसं चावता, दाखवा.'

'काय?'

'दाखवा म्हणते ना. पुढच्या दातांनी की दाढेनं?'

त्यांनी तिच्याकडे बघितलं. मग एक हरभरा उचलला. 'पुढच्या. जरा डावीकडून. अर्धाच तोडायचा. आणि लगेच हं.'

तिनं केलं.

'हं जरा जाड काढ. घशातून.'

'हं.'

'अजून.'

'हं,' कावेरी म्हणाली. साठ वर्षांची बाई, वाटी मांडीवर घेऊन. दोघांपैकी कुणी हसलं नाही. तिनं सात-आठ वेळा केलं. मग त्यांचा कालचा न धुतलेला शर्ट पिशवीत घातला, हरभऱ्यांचा डबा घातला.

'मेट्रोनं जाते. दुपारपर्यंत येईन. पोळ्या झाकून ठेवल्यात. मी आले की जेवायचं, सरी? ठीक?'

'बरं.'

ती गेल्यावर त्यांनी खुर्ची दाराजवळ ओढली. रस्त्यावर नारळवाल्याचा आवाज आला, गेला. दोन तास ते तिथंच बसून होते. त्यांच्या डोळ्यांसमोर कावेरी होती. त्यांचा शर्ट साडीवर घालून, नऊ वर्षं शिव्या दिलेल्या पक्ष्यासमोर बसलेली. एकदा त्यांना वाटलं, जमेलही. आवाज ती बरोबर काढत होती.

साडेबाराला फोन वाजला.

'अण्णा,' सिद्धी म्हणाली.

'बोल.'

'गुंडू गेला. अर्ध्या तासापूर्वी. अक्का समोरच बसल्या होत्या. दीड तास बसल्या होत्या अण्णा. सारखं हं, हं करत होत्या. तो गेला तरी त्यांना कळलं नाही. मीच सांगितलं.'

'बरं.'

'त्या आत्ता निघाल्यात. मला म्हणाल्या, तू फोन करू नकोस, मी सांगते त्यांना. पण मला राहवलं नाही. अण्णा, माझं काय चुकलं?'

'तुझं काही नाही चुकलं ग.'

'मी आधीच…'

'सिद्धी. तू जेवून घे.'

त्यांनी फोन ठेवला. खुर्ची परत जागेवर नेली. तोंड धुतलं. छातीत काही दुखत नव्हतं. श्वास नीट येत होता. गेल्या दोन आठवड्यांत तो जरा सुधारला होता, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं आणि ते पलंगावर बसले.

कावेरी आली. चपला काढल्या. सरळ मोरीत गेली, हातपाय धुतले, तोंड धुतलं. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मग पदराला हात पुसत बाहेर आली.

'खाल्लं हो त्यानं,' ती म्हणाली.

अण्णांनी मान वर केली.

'काय खाल्लं?'

'हरभरे. दोन. तीन म्हणा ना.'

'तुझ्या हातचे?'

'मग कुणाच्या? आधी नुसता बघत होता. मग घेतला.' ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बोलत होती. 'सिद्धी म्हणाली, होईल आता हळूहळू. मी जाईन अधूनमधून.'

'हं केलंस?'

'केलं.'

पंख्याचा आवाज येत होता. तिचे डोळे सुजलेले होते आणि तोंड हसल्यासारखं धरलेलं होतं.

'मग?' ती म्हणाली. 'आता तरी जेवाल ना? गोळी राहिलीय.'

'वाढ,' अण्णा म्हणाले.

तिनं घाईनं ताट घेतलं. दोन पोळ्या, वांग्याची भाजी, ताक. इतर वेळी ती वाढून आत जायची. आज समोर बसली. अण्णांनी तुकडा तोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. चावला. गिळला. दुसरा तोडला.

'मीठ बरोबर आहे?' कावेरीनं विचारलं.

त्यांनी मान हलवली. तिसरा घास घेतला.